शेख, तुमची चूकदुरुस्ती छापून आली

शेख, तुमची बातमी छापून आली. पहिल्या पानावर, अंकाच्या नावाखाली लगेच, म्हणजे चूकदुरुस्तीच्या चौकटीत. काळी किनार नाही, हार घातलेला फोटो नाही, पोकळीही नाही. तुमच्या जाण्यानं कुठल्या क्षेत्रात पोकळी निर्माण झालेली शाळेतल्या मुलांना प्रत्यक्ष दिसली नाही, म्हणून त्यांनी ती छापली नाही.

तुम्हाला जाऊन पंधरवडा झाला. मुलांच्या ‘टाकीखाली’चा ताजा अंक माझ्या टेबलावर आहे. तीच चार पानं, तोच झेरॉक्सचा करडा रंग. येरवड्याच्या त्या शाळेच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे, म्हणून मुलांना अंकाचं नाव ‘टाकीखाली’ हवं होतं आणि मुख्याध्यापकांना ‘ज्ञानदीप’. तुम्ही म्हणालात, “ज्ञानदीप कुठे आहे ते रिक्षावाल्याला सांगता येणार नाही.” टाकी जिंकली.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेल्यावर काय झालं ते माहीत नाही, आणि ते सांगायचं तर मला आधी कबुली द्यायला हवी. तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला.

आपली ओळख खिडकीवरची. माझे वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निधनाची जाहिरात घेऊन तुमच्या दैनिकाच्या कचेरीत आले होते. मी कॉलेजात मराठी शिकवणारी, त्यामुळे मजकूर कसा होता हे वेगळं सांगायला नको. तुम्हाला तो तोंडपाठ होता आणि मला चिडवायला तुम्ही तो भर रस्त्यात म्हणून दाखवायचात. ‘संगीताचे निस्सीम उपासक, व्यासंगी, ऋजू व्यक्तिमत्त्वाचे धनी.’ त्या दिवशी तो तुम्ही जाळीमागून मोठ्यानं वाचलात. माझ्यामागे रांग होती. वाचून झाल्यावर तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत.

“बाई, लोक त्यांना हाक काय मारायचे?”

“पेटीवाले आपटे.”

“ते यात नाही.”

“ते बरं दिसत नाही.”

“बरं दिसायला अग्रलेख आहे की. ही जाहिरात लोकांना कळावं म्हणून असते.”

वडील पोस्टात होते आणि फावल्या वेळात अर्ध्या पुण्याच्या हार्मोनियम दुरुस्त करायचे. तुम्ही ‘पेटीवाले’ घातलंत. पुढचे चार दिवस आमच्या दोन खोल्यांत भजनी मंडळं आली, मिशनच्या शाळेतले संगीत शिक्षक आले, तमाशाच्या फडातला एक म्हातारा पेटीवाला आला आणि चप्पल न काढता उंबऱ्यावरच बसून रडला. ऋजू व्यक्तिमत्त्वाच्या धन्याला यांतल्या एकानंही ओळखलं नसतं.

मी आभार मानायला पुन्हा खिडकीवर आले तेव्हा तुम्ही म्हणालात, “एक पाऊल बाजूला व्हा, मागच्यांची आई गेलीये.” त्यानंतर आपण तीसेक वर्षं भांडलो. तुमचं म्हणणं, अख्ख्या वर्तमानपत्रात विश्वासाचं पान एकच, तुमचं. “अग्रलेख चुकला तर दुसऱ्या दिवशी दुसरा अग्रलेख येतो. माझ्याकडे चुकलं तर माणूस चुकीच्या स्मशानात जाऊन उभा राहतो.” म्हणून आलेला प्रत्येक मजकूर तुम्ही देणाऱ्याला वाचून दाखवायचात आणि शेवटी विचारायचात, “बरोबर आहे ना?” माणूस ‘हो’ म्हणाल्याशिवाय शिक्का पडत नसे.

निवृत्त झाल्यावर तुम्ही स्वस्थ बसाल असं तुमच्या घरी भाभींनाही वाटलं नव्हतं. पण ‘टाकीखाली’ची सुरुवात पत्रकारितेच्या तळमळीतून झाली, हे जे आता सगळे सांगत फिरतायत, ते साफ खोटं आहे. सुरुवात तुमच्या खिडकीची काच फुटली म्हणून झाली. शाळेतल्या पोरांचा चेंडू. तुम्ही तक्रार घेऊन वर्गात गेलात आणि काच कोणी फोडली याच्या सहा वेगवेगळ्या हकिकती तुम्हाला ऐकायला मिळाल्या. तुम्ही सगळ्यांना कागद दिलेत. जे स्वतः पाहिलं त्या वाक्याच्या समासात ‘पा’ लिहायचं, जे दुसऱ्यानं सांगितलं तिथं ‘ऐ’. सहा कागदांत मिळून ‘पा’ निघाले दोन. एक, चेंडू उडाला. दोन, काच फुटली. मधलं कोणीच पाहिलेलं नव्हतं. घरी येऊन तुम्ही मला फोन केलात, काचेचं दुःख साफ विसरलेले. “बाई, वर्गात नुसता ‘ऐ’ भरलाय. हे शिकवण्यासारखं आहे.”

तेच ‘पा’ आणि ‘ऐ’ पुढे ‘टाकीखाली’च्या प्रत्येक ओळीच्या कडेला छापले जाऊ लागले. ज्याची बातमी, त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची, हा दुसरा नियम. मागच्या अंकातली चूक पुढच्या अंकात सगळ्यात वर, हा तिसरा. मी म्हणाले होते, मुलं कंटाळतील. मुलं कंटाळली नाहीत. मोठी माणसं कंटाळली. रेशन दुकानदारापासून नगरसेवकाच्या पुतण्यापर्यंत सगळ्यांना पाचवी-सहावीतली पोरं गाठून ऐकवू लागली, “काका, तुम्ही असं म्हणालात. बरोबर आहे ना?” आपण काय म्हणालो हे ऐकण्याची सवय आपल्याकडे मोठ्यांना नाही. कित्येक काकांनी तिथल्या तिथे शब्द बदलले.

शिवाय कडीचं प्रकरण. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, ही बातमी त्या पोरांतल्या तनुजानं आणली. ‘पा’. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला, पण तुम्ही त्यांनाही बातमी वाचून दाखवायला लावलीत, आणि दाराला कडी नाही या वाक्यात बदलण्यासारखं त्यांना काही सापडेना. अंक निघाला, आठवड्यात कडी बसली. पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकट आली: ‘कडी बसली, असे आम्ही फळ्यावर लिहिले होते. ते अपुरे होते. कडी दाराच्या बाहेरच्या बाजूने बसली आहे.’ त्या दिवशी तुम्ही मला अमृततुल्यात बोलावून स्वतःच्या हातानं कपात चहा ओतलात. तुमचा आनंद व्यक्त करण्याची कमाल मर्यादा ती.

आता त्या चुकीकडे येते, जी तीन वर्षं कोणत्याच चौकटीत आली नाही.

पहिल्या अंकाच्या प्रकाशनाचा समारंभ. पाहुणे दोन तास उशिरा आले आणि लोकशाहीच्या चौथ्या खांबावर तितकाच वेळ बोलले. मग मुख्याध्यापकांनी तुमची ओळख करून दिली, “ज्येष्ठ पत्रकार, निर्भीड लेखणीचे शिलेदार.” तुम्ही खुर्चीतून अर्धे उठलात. मी तिसऱ्या रांगेत होते, हा ‘पा’ आहे. तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा तुमच्या खांद्यांवर शाल होती आणि तुम्ही बसला होतात. शाल पांघरल्यावर खरं बोलणं माणसाला जड जातं, हे मी पुष्कळ सभागृहांत पाहिलंय. तुमच्या बाबतीत पाहीन असं वाटलं नव्हतं.

दुसरा अंक आला. मी म्हणाले, “शेख, तुमची चूकदुरुस्ती राहिली.” तुम्ही म्हणालात, “पुढच्या अंकात.” तिसऱ्याला तेच, दहाव्याला तेच. शेवटी या दिवाळीनंतर अमृततुल्यात आपलं वाजलं. तुम्ही कपाकडे बघत म्हणालात, “समोर बातमीदार बसलाय म्हणून ती पोरं ऐकतात. खिडकीवरचा कारकून म्हटल्यावर कोण ऐकेल?”

मी काय म्हणाले? म्हणाले, “मग शालीही जपून ठेवा. लागतील.”

तुम्ही चहा अर्धा टाकून उठलात. तीन आठवडे फोन नाही. टोमणा सुचला की दुसरं काही सुचत नाही, हा आमचा पेठेतला जुना आजार. खरं उत्तर सोपं होतं. मी ऐकलं होतं ना. खिडकीवरच्या कारकुनाचं मी ऐकलं, म्हणून माझ्या वडिलांची माणसं आमच्या दारात आली. एवढंच म्हणायचं होतं, आणि त्यासाठी मला तीन आठवडे होते, फोन होता, तुमचा नंबर पाठ होता.

मग तुम्हीच फोन केलात. “बाई, वार्षिक अंकात मी स्वतः लिहून सांगणार आहे. तोवर तुम्ही कोणाला काही बोलायचं नाही. शब्द द्या.” मी दिला. वार्षिक अंक दोन महिन्यांवर होता. तुम्ही तेवढे थांबला नाहीत.

तुम्हाला नेलं त्या दुपारी मी भाभींजवळ बसले होते. मुख्याध्यापक आले. माणूस मनानं वाईट नाही, पण कार्यक्रमांची सवय इतकी की येताना हातात शाल आणि श्रीफळ. दारात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ती शाल कुठे ठेवावी हे कळेना म्हणून ते तासभर मांडीवर घेऊन बसले. भाभींनी शेवटी ती त्यांच्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, “उनको ठंड तो लगती थी.” मग आम्ही दोघी हसलो, मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. ‘ज्येष्ठ पत्रकार इक्बाल शेख यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ तुमचा फोटो तळहाताएवढा, खाली शोकाकुलांचे अकरा फोटो, सगळे तुमच्याहून मोठे, त्यांतल्या एकानं गॉगल लावलेला. तुमच्यावर विशेषांक निघणार, असंही जाहीर झालं.

रविवारी सकाळी माझ्या दाराची बेल वाजली. तनुजा आणि सोहेल, दोन बस बदलून आलेले. तनुजा आता आठवीत आहे आणि अंकाची संपादक. तिच्या हातात सगळ्या जुन्या अंकांची फाईल होती.

“मॅडम, डिस्टर्ब नाही ना केलं? सरांची बातमी करतोय. दोन जण लागतात.” गेलेल्या माणसाची बातमी दोघांकडून खात्री केल्याशिवाय छापायची नाही, हा तुमचाच नियम.

“पहिलं कोण?”

“भाभी. पण त्या म्हणाल्या, बेटा, वो तो खिडकी पे बैठते थे. आम्हाला वाटलं, त्यांचा गोंधळ होतोय.”

“म्हणून आम्ही लायब्ररीत गेलो,” सोहेल म्हणाला. “जुन्या फायली काढल्या. शिंका येऊन येऊन मेलो. सरांच्या नावाची एक पण बातमी नाही. नेटवर तर सर नाहीच्चेत.”

तनुजानं वही उघडली, समासावर पेन टेकवलं. “मॅडम, सर पत्रकार होते, हे तुम्ही पाहिलंय का ऐकलंय?”

शेख, ‘ऐकलंय’ एवढंच म्हणून मी सुटू शकले असते. ते खोटंही ठरलं नसतं. मीही मुख्याध्यापकांच्या तोंडून ऐकलंच होतं. आयुष्यभर शिकवणाऱ्या बाईला पळवाटा लगेच दिसतात. एका बाजूला तुम्हाला दिलेला शब्द होता, ज्यातून मला मोकळं करणारा माणूस आता नव्हता. दुसऱ्या बाजूला ती दोन पोरं, जी दोन दिवस धुळीत तुमचं नाव शोधत बसली होती. मी ‘ऐ’वर त्यांची बोळवण केली असती तर तुमची अब्रू राहिली असती आणि तुमचं शिकवणं गेलं असतं.

“ऐकलंय,” मी म्हणाले. “पण पाहिलंय ते वेगळं आहे.”

आणि सगळं सांगितलं. खिडकी, जाळी, रांग, पेटीवाले आपटे, चुकीचं स्मशान. शालही सांगितली. वार्षिक अंकाचंही सांगितलं. तनुजा लिहीत होती. सोहेलनं मध्येच पेन खाली ठेवलं.

“म्हणजे सर खोटं बोलले?”

तुमची तीन वर्षं त्या एका प्रश्नावर उभी होती आणि मी काही बोलणार तोच तनुजानं हात वर केला, मला गप्प करायला. फाईल काढून तिनं पहिला अंक उघडला.

“सर बोललेच नाहीत. हेडसर बोलले. लिहिलं मी. हे बघ, ‘ऐ’ लिहिलंय. आणि सरांना वाचून नाही दाखवलं.”

“का नाही दाखवलं?”

“सरांचंच सरांना काय वाचून दाखवायचं, असं वाटलं.”

साऱ्या येरवड्याला वाचून दाखवणाऱ्या मुलांनी एकच माणूस सोडला होता. तुम्ही.

“पण नंतर सरांनी सांगायचं ना,” सोहेल हटेना.

“सांगायचं होतं. ते पण लिहू.”

मग तिनं मला माझं सगळं बोलणं पहिल्यापासून वाचून दाखवलं. ‘पेटीवाले’ शब्दाशी आली तेव्हा मला पाणी प्यायला उठावं लागलं. ती थांबली, मी परत येऊन बसल्यावर तिथूनच पुढे वाचलं आणि शेवटी विचारलं, “बरोबर आहे ना?” तोच सूर, शेख. जाळीमागचा.

पुढचं तनुजाकडून कळलं, म्हणजे हे ‘ऐ’. तिनं चौकटीचा मजकूर मुख्याध्यापकांना वाचून दाखवला. ते हादरले. “अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं छापतात का?”

“सर, त्यांच्या खिडकीवर सगळी गेलेलीच माणसं यायची. तिथं चूक चालायची नाही.”

मग ते म्हणाले, “आणि तो फ्लेक्स?”

“त्याच्यावर पट्टी लावू. चिकटवायला दोघं जण तयार आहेत.”

आणि त्यांनी लावू दिली. त्यासाठी मी त्यांना आजवरच्या सगळ्या शाली माफ केल्या. ‘ज्येष्ठ पत्रकार’ या शब्दांवर आता पांढरा कागद आहे: ‘दुरुस्ती ताज्या अंकात पाहा.’ गॉगलवाला तसाच आहे, त्याच्याविषयी अजून कोणी खात्री केलेली नाही.

चौकट अशी आहे. तुम्हाला ऐकवते.

‘पहिल्या अंकात आम्ही शेखसरांना ज्येष्ठ पत्रकार म्हटले होते. (ऐ) सर पत्रकार नव्हते. (पा: भाभी व मॅडम) ते एका दैनिकाच्या कचेरीत निधनाच्या जाहिराती घेण्याच्या खिडकीवर बसत. प्रत्येक मजकूर ते देणाऱ्याला वाचून दाखवत. आम्हाला वाचून दाखवायला त्यांनीच शिकवले. त्यांची ही बातमी मात्र आम्ही त्यांना वाचून दाखवली नाही. चूक आमची आहे. सरांनीही ती नंतर दाखवली नाही. दाखवायला हवी होती. ते वार्षिक अंकात सांगणार होते. (ऐ)’

आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात: ‘इक्बाल शेख, ज्यांना टाकीखालची मुले वाचून-दाखव सर म्हणत, यांचे निधन झाले. ज्यांच्या घरची बातमी सरांनी खिडकीवर घेतली असेल, त्यांनी रविवारी सकाळी शाळेत यावे. आम्हाला ती लिहून घ्यायची आहे.’

पोरांना हाकेचं नाव घालायला मी सांगितलं नव्हतं, शेख. ते त्यांचं त्यांनी घातलं.

कोणीतरी पानाचा फोटो काढून फोनवर पाठवला, त्यानं पुढे पाठवला, आणि काल रविवारी मी शाळेत पोचले तेव्हा टाकीखाली रांग होती. खरोखरची रांग, फाटकापर्यंत. मी इतके सत्कार पाहिले, पण आणलेला श्रोता नसलेली गर्दी पहिल्यांदा पाहिली. मार्केट यार्डातले एक थकलेले हमाल होते. म्हणाले, “बापाचं सात-बाराचं नाव दिलं व्हतं म्या. साहेब म्हनले, यार्डात काय म्हनत्यात? म्हनलं, गूळवाले तात्या. त्येच टाकलं त्यांनी. दुसऱ्या दिशी गूळ-बाजार बंद व्हता.” एक डॉक्टरीणबाई होत्या, खडकवासल्याकडून दोन भाऊ आले होते. तुम्हाला एखाद-दोन मिनिटं पाहिलेली माणसं, तुमचं नाव त्यांना परवा कळलं.

मुलांनी बाकं आडवी टाकून टेबलं केली होती. प्रत्येक टेबलामागे दोघं. एक जण लिहायचा, दुसरा वाचून दाखवायचा. भाषण झालं नाही. मुख्याध्यापक खुर्च्या उचलत होते. भाभी खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत बसून सगळ्या टेबलांवरून एकदम येणारा तो प्रश्न ऐकत होत्या, “बरोबर आहे ना? बरोबर आहे ना?” आणि प्रत्येक वेळी, जणू त्यांनाच विचारलंय, मान हलवत होत्या.

खिडकीवरच्या कारकुनाचं कोण ऐकेल, असं तुम्ही विचारलं होतंत. उत्तर द्यायला मला उशीर झाला, म्हणून ते त्या रांगेनं दिलं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी आत्ता एकदा मोठ्यानं वाचलं. खोलीत मी एकटीच, तरी वाचलं. शब्द मोडल्याचा भागही गाळला नाही. काही चुकलं असेल तर पहिल्या पानावरची जागा मुलांनी राखून ठेवली आहे.

बरोबर आहे ना, शेख?